हात अर्ध्यावर

समोरच्या बाकावरची म्हातारी विणत होती. ट्राम वळणावर कचकन थांबली आणि म्हातारीचा चष्मा नाकावरून घसरला. तिनं विणकाम मांडीवर ठेवून चष्मा सारखा केला, पुन्हा सुया हातात घेतल्या आणि तशीच बसून राहिली. "घ्या! आता आठवेना," ती शेजारणीला म्हणाली, "हा टाका घातला होता, की घालायचा होता?" शेजारीण म्हणाली, "मग उसव सगळी ओळ. जिवाला घोर कशाला?" म्हातारीनं कुरकुरत ओळ उसवली. बस, एवढंच झालं. शनिवारची दुपार, साडेचार वाजलेले, नोव्हेंबरात आमच्या गेंट शहरात पडतो तसा लवकरचा अंधार पडायला लागलेला, माझ्या मांडीवर नणंदेनं बांधून दिलेला केक. आणि एकदम मलाही आठवेना.

काय आठवेना ते सांगते, पण सांगताना अजून जीभ अडखळते. मी औषधाच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते, सव्वीस वर्षं झाली. डॉक्टर लिहून देतात पण कारखान्यातून तेवढ्या बारीक मात्रेत येत नाहीत अशी औषधं मी हातानं बनवते. भुकटी तोलायची, खलात घोटायची, दुधाच्या साखरेत मिसळायची, कॅप्सूलमध्ये भरायची. आज साठ कॅप्सूल बनवायच्या होत्या, एलिफ नावाच्या पाच महिन्यांच्या मुलीसाठी. तिचं काळीज फार जोरात धावतं. त्याला आवर घालणारी भुकटी, दोनशे चाळीस मिलिग्रॅम, साठ जागी वाटलेली. मी कुलपाच्या कपाटातून बरणी काढली, झाकण उघडलं, चमचा हातात घेतला, आणि इथून पुढचं मला धड दिसत नाही. एप्रनच्या खिशात बाराची घंटा वाजली. फोनमधलीच, पण मठातली; मी स्वतः तिकडून फोनमध्ये रेकॉर्ड करून आणलेली. घंटा वाजली की माझा हात थांबतो, जिथं असेल तिथं. मग मी बेसिनपाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि दुपारची प्रार्थना म्हणते. चार मिनिटं लागतात. परत आले तर तराजूवरची, भुकटी तोलायची कागदी होडी रिकामी. म्हटलं, तोलायचं राहिलंय. तोललं, खलात ओतलं, वर साखर घातली, घोटलं. खलाच्या तळाला थोडी साखर आधीपासून होती, सगळं पांढरंच. पण होडी रिकामी होती ती तोललं नव्हतं म्हणून, की तोलून आधीच ओतलं होतं म्हणून?

पाऊण वाजता एलिफची आई येऊन डबी घेऊन गेली. "सहाच्या दुधातून पहिली द्या," मीच हसून सांगितलं तिला. एरवी तराजू चिठ्ठी छापतो, पण चिठ्ठीची गुंडाळी कालच संपलेली. आणि दुप्पट गेलं असेल तर काय होतं ते मला पाठ आहे, ते माझं कामच आहे. ठोके मंदावतात, रक्तातली साखर उतरते, मूल पेंगुळतं. घरच्यांना वाटतं, चला, आज बाळ शहाण्यासारखं झोपलं.

मी पुढच्याच थांब्यावर उतरले. केक बाकावरच राहिला.

आता मी कोण, हे मठ-बिठ काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी नन नाही. मला नवरा आहे, फिर्मिन, निवृत्त ट्रामचालक, तो मला "संतीणबाई" म्हणतो. पण गेली नऊ वर्षं मी बेनेडिक्टीन मठाला बांधलेली आहे, मठाबाहेर राहून मठासारखं जगण्याचं वचन देऊन. आम्हाला ओब्लाट म्हणतात. पहाटे उठून वाचन, दिवसातून पाच वेळा प्रार्थना, जेवताना बडबड नाही, सकाळी न्याहारीपर्यंत मौन. फिर्मिन म्हणतो, न्याहारीपर्यंतच का, वाढव की थोडं. लोकांना वाटतं हे सगळं देवावरच्या प्रेमातून येतं. माझं तसं नव्हतं. माझी आई चौपन्नाव्या वर्षी भर दुपारी स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही, आणि मी तेव्हा शहरात पडद्याचं कापड बघत फिरत होते, दोन तास, पिवळं घेऊ की करडं. त्यानंतर मला दुपारची भीती वाटायला लागली. मोकळ्या, आखून न घेतलेल्या वेळेची. वाटायचं, मी लक्ष काढलं की काहीतरी होणार. मठात पहिल्यांदा गेले आणि घंटेवर सगळ्याजणी एकदम उठताना पाहिल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगू? मला देव नको होता, वेळापत्रक हवं होतं. देव त्याच्याबरोबर आला, आणि चांगला निघाला, ते सोडा.

तिथं शिकवतात की घंटा ऐकली की हातातलं अर्ध्यावर टाकून निघायचं. आमच्यासारख्यांना वळण लावणाऱ्या सिस्टर वाल्बुर्गा सोललेला अर्धा बटाटा तसाच ठेवून उठायच्या, उरलेली साल लोंबत असायची. मला त्या सालीचं वेडच लागलं. किती मोठं मन लागतं, म्हटलं, आपलं काम असं अर्ध्यावर देवाच्या हवाली करायला! मीही करायला लागले. सही अर्धी, वाक्य अर्धं, एकदा तर केस अर्धेच विंचरलेले. सिस्टरनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हातात तान्हं मूल असलं तर आधी ते खाली ठेवायचं, मग निघायचं. एवढी अक्कल देवानं दिलीय ना?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मनात म्हटलं, म्हातारी झाल्या, ढिल्या पडल्या.

उलट दिशेची ट्राम येईना. थांब्यावर उभी राहून मी स्वतःला विचारत होते, करायचं काय. एलिफच्या आईचा फोन नंबर दुकानातल्या कागदांत. मालकीणबाई लोरे शनिवार-रविवार समुद्रकाठी असते, पण तिचा नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये आहे, एक बोट दाबायचं. ती म्हणाली असती, ताबडतोब त्यांना कळव, मी निघते. बोट दाबलं नाही. म्हटलं, आधी खात्री करू. कपाटातल्या बरणीचं वजन प्रत्येक वापरानंतर तिच्या कार्डावर लिहायचं असतं. आज एलिफची आई समोर उभी होती म्हणून गडबडीत लिहायचं राहिलं. म्हणजे मागची नोंद आहे, बरणी आहे, तराजू आहे. तोलली की कळेल एकदा काढलं की दोनदा. हे सुचलं तेव्हा मी जवळजवळ खूश झाले. कुणालाही न विचारता कळणार होतं. कुणालाही न कळता.

दुकानात शिरले तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. पुढची खोली अंधारी, खोकल्याच्या औषधांच्या रांगा, फरशीला फिनेलचा वास. मागच्या खोलीत दिवा लावला आणि तराजूचं बटण दाबलं. हा तराजू थंड असताना खरं बोलत नाही. त्याला तापायला वीस मिनिटं द्यावी लागतात. सव्वीस वर्षं मला हे माहीत आहे, पण ट्रामच्या थांब्यावर मी ते विसरले होते. की सोयीनं विसरले? टेबलावर सकाळचे कागद होते, सगळ्यांत वर एलिफचा, त्यावर तिच्या आईचा नंबर. शेजारी दुकानाचा फोन. हात लांब केला असता तर पोचला असता. "ताई, मी बोलतेय, ते औषध इतक्यात देऊ नका." अर्धं मिनिट. मग मिळाली असती मला हवी तेवढी, वीस काय, दोनशे मिनिटं. मी स्टूलावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि बरणीकडे बघत राहिले.

काय काय आलं त्या वीस मिनिटांत! पहिल्यांदा एलिफ आली, दुकानात एकदाच पाहिलेली, टोपीतून एक कान बाहेर. मग लोरेचा चेहरा आला. मग तपासणीवाले येतील आणि विचारतील, बाई, काम चालू असताना तुम्ही भिंतीकडे तोंड करून काय करत होता? प्रार्थना? असं होय. मग शेजारणी, नणंद, पेपरातली बातमी. मग मठातल्या बैठकीत माझी खुर्ची, आणि कुणीतरी हळूच म्हणतंय, ती, तीच ती. मला आता इतकं स्वच्छ दिसतं, की त्या रांगेत एलिफ एकदाच आली आणि बाकीच्या सगळ्या जागा मी अडवल्या. मी प्रार्थना करत नव्हते असं नाही. ज्या ओळीनं आमची प्रत्येक प्रार्थना सुरू होते, देवाला मदतीला हाक मारणारी, ती मी पुटपुटत होते, एकसारखी. आणि मधेच ऐकू आलं की मी काय मागतेय. मी मागत होते, माझ्या हातून झालेलं नसू दे. मूल वाचू दे असं नाही. माझ्या हातून नको. नऊ वर्षं रोज पाच वेळा, आणि आत साठलं काय, तर हे! तरीही मी फोन उचलला नाही. घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती आणि मी मनाशी म्हटलं, सहाला अजून वेळ आहे. हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

पाच वाजून एकोणीस मिनिटांनी बरणी तराजूवर ठेवली. कार्डावरची मागची नोंद एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम छत्तीस शतांश. एकदा काढलं असेल तर छत्तीसचे बारा व्हायला हवेत. दोनदा, तर एकशे शहाऐंशी ग्रॅम अठ्ठ्याऐंशी. आकडे थोडा वेळ हेलकावे खात राहिले. मग ते थांबले. एकशे सत्त्याऐंशी, अकरा.

एकदाच! एक शतांश तर चमच्याला चिकटून जातो. मी बरणी उचलून पुन्हा ठेवली. अकरा. पुन्हा. अकरा. माझा जीव भांड्यात पडला, मी मोठ्यानं हसले, त्या रिकाम्या दुकानात, वेड्यासारखी, टेबलावर दोन्ही हात आपटून. मूल सुखरूप आहे, मी सुखरूप आहे, कुणाला काही कळलं नाही, कळायचं काही उरलंच नाही. कार्डावर वजन लिहिलं. कपाटाला कुलूप लावलं. तेवढ्यात फिर्मिनचा फोन.

"कुठे तडमडलीयस? सूप निवतंय."

मी सगळं सांगितलं, भराभरा, हसत. तो म्हणाला, "झालं ना बरोबर? मग ये घरी. पाव आणलाय."

"फिर्मिन, मी वीस मिनिटं फोनशेजारी बसून होते. केला नाही."

"बरोबरच निघालं ना पण!"

"ते मला तेव्हा माहीत नव्हतं."

"हे बघ हिल्ड, तीस वर्षं ट्राम चालवलीय मी. किती वेळा एखादं पोर वीतभर अंतरावरून वाचलं, त्याच्या आईच्या घरी जाऊन सांगत बसलो नाही. सांगून कुणाचं भलं होणारे? उगाच त्या बाईच्या डोक्याला ताप. तुझं ते मठाचं खूळ दाराबाहेर ठेव आणि जेवायला ये."

त्याचं चुकत नव्हतं. हेच तर वाईट होतं. मी दिवा बंद केला तरी पाय निघेनात. मठात रिवाज आहे, काम करताना काही फुटलं, सांडलं, चुकलं, तर त्याच पावली सगळ्यांसमोर जाऊन सांगायचं. दुसऱ्याकडून कळलं तर शिक्षा मोठी. ऐंशीच्या वाल्बुर्गा जेवणाआधी उभ्या राहून म्हणताना मी ऐकलंय, "मी मुरंब्याची बरणी फोडली." किती गोड वाटलं होतं तेव्हा! पाहुणी म्हणून बसले होते ना मी, पोट भरलेलं. आता मात्र मला कळत होतं की त्या रिवाजाला भ्यायला हवं. माझं तर काही फुटलंही नव्हतं. आणि मी हे असंच गिळलं, तर सोमवारी बारा वाजता पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहणार, आणि पुन्हा तेच मागणार, जास्त गोड शब्दांत. त्या बाईच्या दाराची भीती वाटत होती. पण त्या भिंतीची जास्त वाटली.

एलिफच्या कागदावरचा पत्ता राबोट वस्तीतला, तिथवर चालत अठरा मिनिटं. चौथा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात कुणाच्यातरी घरातला भाजलेल्या मिरच्यांचा वास. दार सेवगीनंच उघडलं, एलिफच्या आईनं, मूल खांद्यावर. पंचविशीची असेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आत स्वयंपाकघरात टेबलावर बाटली, आणि बाटलीशेजारी माझी डबी, झाकण उघडलेलं. सहाला दहा मिनिटं होती.

"अगबाई, औषधवाल्या बाई! काही राहिलं का?"

"काही राहिलं नाही. औषध बरोबर आहे," मी म्हणाले, आणि उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगितलं. घंटा, भिंत, रिकामी होडी, ट्राम. बरणी. इथवर ती मान हलवत ऐकत होती, अगदी समजूतदारपणे, आणि मला मोह झाला की इथंच थांबावं. मग मी फोनचं सांगितलं. तुमचा नंबर समोर होता, मी वीस मिनिटं केला नाही, कारण मला माझी लाज वाचवायची होती.

सेवगीचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आणि मी आज सहाच्या आधी दिली असती तर?"

मी टेबलावरच्या उघड्या डबीकडे बघितलं.

"ती दुपारी रडत होती. मी डबी उघडलीसुद्धा होती. म्हटलं, देऊन टाकू, काय फरक पडतो तास-दोन तासांनी." तिचा आवाज चढला. "कळतंय का तुम्हाला? तुम्ही तिथं बसला होता आणि मी इथं डबी उघडून बसले होते!"

"हो."

"हो काय हो? आणि आता येऊन सांगताय बरोबर आहे. मी कशावर विश्वास ठेवू? तुमच्या त्या बरणीवर?" ती रडायला लागली, रागानं, नाक हाताच्या पाठीनं पुसत. "आता मी ही देऊ कशी? न देऊन चालत नाही, डॉक्टरनी बजावलंय, एकही चुकवायची नाही. आणि द्यायला माझा हात होणार नाही. का आलात तुम्ही? नसतं सांगितलं तर मी सुखानं दिली असती!"

फिर्मिन म्हणाला होता तस्सं. खरं बोलून मी स्वतःचं ओझं उतरवलं आणि ते तिच्या पोरीच्या दुधात टाकलं. मी म्हटलं, दवाखान्यात फोन करू, माझ्यासमोर, मी सांगते त्यांना सगळं. तिनं केला. मी तिच्या फोनवर माझं नाव सांगितलं, दुकानाचं सांगितलं, वजनं सांगितली, फोन न केल्याचंही सांगितलं. पलीकडची नर्स शांतपणे म्हणाली, आकडे जुळतायत, मात्रा चुकवू नका, द्या आणि तासभर बाळाकडे लक्ष ठेवा. तुमच्या मालकिणीला मात्र आजच कळवा. लोरेलाही मी तिथूनच फोन केला. ती म्हणाली, "सोमवारी बोलू. कपाटाच्या किल्ल्या घेऊन ये." कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सेवगी भिंतीला टेकून उभी होती. "तुम्ही द्या," ती म्हणाली.

"मी?"

"तुमच्या हातानं बनवलंत ना? तुमच्याच हातानं द्या. बसा इथं. कोट राहू दे." तिनं एलिफला माझ्या मांडीवर ठेवलं. पोरगी जड होती, दुधाळ वासाची, गरम. मी कॅप्सूल उघडली. चिमूटभर पांढरं चमच्यातल्या दुधात पडलं. अकरा, मी मनात म्हटलं, अकरा, अकरा, आणि तरीही चमचा अर्ध्यावरच थांबला, शेवटी सेवगीनं माझं मनगट धरलं. एलिफनं चमचा चोखला, तोंड वाकडं केलं, आणि बाटलीसाठी हात उघडले-मिटले. दूध पिऊन झालं तशी तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या. रोजच होत असणार. पण आम्ही दोघी एकदम तिच्या छातीवर हात ठेवायला गेलो आणि आमची बोटं एकमेकींना लागली. तिनं हात काढून घेतला. म्हणाली, "तुम्हीच ठेवा."

हाताखाली ते इवलं काळीज धडधडत होतं. भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून मी ठोके मोजत होते. शब्द एकही आठवत नव्हता. नऊ वर्षांत पाठ झालेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. मला फक्त ती हवी होती, पुढचा ठोका हवा होता, आणि मी दिसतेय कशी, कोण काय म्हणेल, सोमवारी काय होईल, यातलं काहीएक तिथं नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

सात वाजले. एलिफ नीट झोपली होती, ठोके ठीक, ओठ गुलाबी. सेवगीनं तिला माझ्याकडून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाला तास. जा तुम्ही."

मी उठले. कोटाची बटणं लावली. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच नको म्हटलं. दारापर्यंत गेले, कडी काढली.

"थांबा," ती मागून म्हणाली. ती मुलीला घट्ट धरून टेबलाशी उभी होती, आणि तिचा चेहरा मघाशी माझा असेल तसा झालेला. "नवरा दहाला येतो. मला एकटीला... थांबा अजून थोडं."

मी कडी परत लावली.